पासंग

तेरा वर्षं मी बंदरावरच्या काट्यावर बसते, डॉक्टर ओयार्सो.
भरलेला ट्रक येतो, मी आकडा लिहिते.
लोकर उतरवून तोच परत येतो,
पुन्हा आकडा लिहिते.
वजाबाकी म्हणजे माल.
एवढंच येतं मला,
आणि तुम्ही हातात वही देऊन म्हणता,
फायदा-तोटा तुम्हीच तोलून बघा, सेन्योरा झ्देन्का.

बरं. तोलते.

गोळीच्या आधी सात महिने
डोळ्याला डोळा नव्हता.
डिसेंबरात पुन्ता अरेनासला रात्रीचे दहा वाजून गेले तरी
उजेड सामुद्रधुनीवर रेंगाळतो,
बिल दिल्यावरही खुर्ची न सोडणाऱ्या गिऱ्हाइकासारखा.
मी खिडकीवर ब्लँकेट ठोकलं.
मग जून आला, सोळा तासांचा अंधार घेऊन,
आणि त्यातही मी टक्क जागी.
म्हणजे दोष उजेडाचा नव्हता.
ब्लँकेट अजून तिथेच आहे. खिळे काढायचा कंटाळा.

शेजारी आन्सेल्मो, पाठ टेकताच
कुणी पोतं टाकावं तसा.
अडतीस वर्षांच्या संसारात
मी हेवा केला तो त्या पोत्याचा.

एका बुधवारी बाउदिलिओच्या ट्रकचं रिकामं वजन
मी भरल्याच्या रकान्यात लिहिलं.
कागदावर त्याने उणे अकरा टन लोकर आणली.
तो हसला. मी त्याच्यावर ओरडले,
मग दार लावून रडले.
घड्याळाचा काटा, बंदराचा काटा,
आणि पापणीखाली रुतलेला तो तिसरा.

मग तुमची गोळी. पांढरी, मधोमध रेघ.
पहिल्याच रात्री सहा तास.
सकाळी पावाला वास होता, डॉक्टर!
पावाला वास असतो हे मी विसरले होते.
चौकात वारा सुटला, दोर धरून चालताना
एका अनोळखी म्हातारीने माझा दंड पकडला
आणि दोघी उगीचच हसत राहिलो.
हे कुठल्याही पारड्यात घाला, वजन भरेल.

पण दुपारपर्यंत तोंडात नाणं चोखल्याची चव.
पण नेवेंका म्हणते, आई, आपण रात्री अर्धा तास बोललो,
मला दिवस गेलेत हे मी तुला सांगितलं,
तू रडलीस.
मला आठवत नाही.
आजी होणार म्हणून कुणी तरी माझ्या डोळ्यांनी रडलं
आणि मला निरोपही ठेवला नाही.

पण ती पहाट. आन्सेल्मोला मी स्वयंपाकघरात सापडले.
गॅस पेटलेला, किटली कोरडी,
अंगात कोट, पाय उघडे.
"ट्रक आलाय," म्हणाले म्हणे मी.

आता त्याच गोळीत चारच तास मिळतात.
एक रात्र चुकवली तर दुसरी
व्याजासकट वसुलीला येते.

आमच्या काट्याला स्वतःची खोट कळत नाही.
वर्षातून एकदा सान्तियागोहून माणूस येतो,
ठरलेली लोखंडी वजनं ठेवून तपासतो,
पासंग किती ते सांगतो.
तोलायला मला बसवलंत,
पण मीच झुकलेली असेन तर?
माझ्यावर कोणतं वजन ठेवणार?

तुम्ही म्हणालात, एकदम सोडू नका,
दर पंधरवड्याला थोडी कमी,
उठायची वेळ मात्र पक्की,
आणि झोप नसेल तर अंथरुणात कुढत पडू नका.
या वयात एक पडणं म्हणजे खुब्याचं हाड,
हेही म्हणालात, हळू आवाजात.

मासे कापायच्या सुरीने आज पाऊण केली.
उरलेला चुरा काचेच्या झाकणात.
पाकीट आन्सेल्मोकडे.

पहाटेचे तीन. मी टेबलाशी बसून हे लिहितेय.
गॅस बंद. किटली भरलेली. पायात मोजे.
दारात आन्सेल्मो, केस विस्कटलेले,
घाबरून विचारतो,
"ट्रक आलाय का?"

"नाही रे," मी म्हणते,
"जागी आहे."