आत्याची वही

वहीत पहिल्यांदा पर्वती लिहिली,
मग पायऱ्या आठवल्या आणि खोडली.
शनिवारवाडा : उंबरा उंच, आत ऊन. बाक कुठे?
पाताळेश्वर : सावली आहे, पण दगड निसरडा.
सारसबाग, चारनंतर. स्वच्छतागृह बरं म्हणतात.

रविवारी एकटाच जाऊन आलो
शरयूआत्याच्या चालीने :
काठी, पाऊल, थांबा, "चल हं", पुन्हा काठी.
फाटकापासून तळ्यापर्यंत एकोणीस मिनिटं.
एवढ्यात कुणाची मुलगी सायकल शिकून झाली.
भेळवाल्याने विचारलं, गुडघा का, साहेब?

आत्या अकोल्याहून आली,
दोन पिशव्या, गोळ्यांचा डबा,
आणि चष्मा पुसून तिने वही वाचली, शेवटपर्यंत,
शाळेत तपासायची तशी.
"ही का खोडलीस?"
शंभरावर पायऱ्या आहेत, आत्या.
"असू देत की. त्या तुला.
मला खाली एक खुर्ची बघ."

तर आता मी चढतोय, वय सत्तेचाळीस, धापा टाकत,
पुण्यात जन्म जाऊन
शेवटचा कधी आलो होतो ते आठवत नाही.
दर दहा पायऱ्यांनी मागे बघतो :
पायथ्याशी नारळवाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीत
जांभळा स्वेटर, मांडीवर माझं जाकीट.
मी थांबलो की काठी उचलून
पुढे हो म्हणते.

वर पोचून फोन लावला.
म्हटलं, धुरकट आहे गं, नीट काही दिसत नाही.
"दिसतंय तेवढं सांग," आत्या म्हणाली,
"डावीकडून सुरू कर."