आउटपुट

फलजच्या या फ्लॅटमध्ये टीव्हीला तीन तोंडं आहेत
आणि एका वेळी एकच उघडतं.
मेनू, ध्वनी, आउटपुट, मग खाली, खाली, ओके.
माझ्या अंगठ्याला हे पाठ झालंय,
अंधारात हिंगाची डबी सापडते तसं.

साउंडबार विश्रामने घेतला, पगारवाढ झाली त्या शुक्रवारी,
सोहारच्या हायपरमार्केटमधून, एकोणतीस रियाल,
वर एक कुकर फुकट.
पहिल्या रात्री मॅच लावली
तर मांडणीतले चमचे खुळखुळले,
आणि पलीकडच्या शाहुलभाईंनी भिंतीवर तीनदा टकटक केली.
रागाने नव्हे, स्कोअर विचारायला.

तेव्हा आवाज होता चौदा.
मग अठरा. ईदेपर्यंत चोवीस.
हळू कर, ओवीची परीक्षा आहे, मी म्हणायचे.
एसीच एवढा घरघरतोय, तो म्हणायचा.
घरमालकाने एसी बदलून दिला.
आवाज चोवीसच राहिला.

म्हणून हेडफोन आणले. काळे, गुबगुबीत,
कानांना उशा बांधल्यासारखे.
घर शांत झालं. इतकं, की फ्रिजची कुरकुर कळायला लागली.
विश्राम सोफ्यावर एकटाच हसायचा,
पडद्यावर एक बाई नुसते ओठ हलवत रडायची,
आणि मी पोळ्या लाटत विचारायचे, काय झालं रे तिचं?
'काय?' तो ओरडायचा.
हेडफोन घातलेली माणसं ओरडतातच.
मग एकदा
हेडफोन टीपॉयवर पडलेले होते, तरी तो तसाच ओरडला.

मंगळवारी तो नाइटला गेला, ओवी झोपली.
मी त्याच्या जागेवर बसले, सोफ्याच्या खड्ड्यासकट,
हेडफोन चढवले, बटण दाबलं
आणि दोन्ही हातांनी ओरबाडून काढले.
कानाशी कुणी परात पिटावी तसं.
बातम्या होत्या फक्त.
उद्या वारा सुटेल, धूळ येईल, एवढंच ती बाई सांगत होती.

अकरा वर्षं पॉटलाइनवर.
कंपनी कानात घालायला पिवळे बोळे देते,
ते मला धुवायच्या पँटच्या खिशात सापडतात, कोरे करकरीत.
घातले तर फोरमनची हाक ऐकू येत नाही म्हणतो.
सप्टेंबरात काँट्रॅक्ट, त्याआधी मेडिकल.
काचेच्या पेटीत बसवतात म्हणे,
टिंग वाजलं की बटण दाबायचं.
नाही वाजलं तरी दाबायचं, तो म्हणाला होता,
आणि मी हसले होते.

सकाळी आला तेव्हा मी काही बोलले नाही.
त्याच्या पाठीमागे ओट्यावर चमचा टाकला.
मग वाटी.
तो बूट सोडवत राहिला.
ओवी आतून म्हणाली, आई, काय पडलं?

आता संध्याकाळी रिमोट माझ्याकडे.
आउटपुट: टीव्हीचे स्पीकर.
ते मागच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून बसलेले, चपटे,
पत्र्याच्या डब्यातून बोलणारे,
आपण पैसे मोजून घेतलेच नव्हते असे.
पण निदान दोघांचे.
खाली अक्षरंही चालू केली.
हे कशाला, त्याने विचारलं.
म्हटलं, मला हल्ली नीट ऐकू येत नाही.

त्याने माझ्याकडे पाहिलं.
दोन-तीन वाक्यं खालून निघून गेली, कुणीच वाचली नाहीत.
मग तो उठला, आणि माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला.
कुठला कान बरा आहे, ते मला असं कळलं.

शुक्रवारी मॅच होती.
भिंतीवर तीनदा टकटक झाली. विश्राम पडद्याकडेच बघत होता.
मी स्कोअर ओरडून सांगितला,
दोघांनाही.