मोराची मान

नदाफबाईंनी लॅपटॉप उघडला
तेव्हा पडद्यावर फक्त कापड होतं.
वीतभर. कडा सरळ कापलेल्या, भोवती काळं.
"मास्तर, ही चादर आपल्याकडची का, एवढंच सांगा."

मी चष्मा पुसला.
साखर पेठेत चाळीस वर्षं जकार्डचे पुठ्ठे पंच केले मी.
छिद्र असलं की ताण्याचा धागा वर,
नसलं की खाली.
नातू म्हणतो, आज्जा, कॉम्प्युटरचंही तसंच, एक नाहीतर शून्य.
मी म्हणतो, असेल बाबा.

"बाकीचं चित्र कुठंय?"
"ते दाखवता येत नाही."
मग जरा थांबून म्हणाल्या,
तिकडं कुठल्याशा थंड देशात एक बाई आहे,
दिवसभर असली चित्रं बघणं हेच तिचं काम.
तिनं लेकराला चित्रातून कापून बाजूला ठेवलं
आणि उरलेलं वाटून दिलं:
खिडकीची कडी एका देशाला,
स्विचचा बोर्ड दुसऱ्याला,
साबणाचं वेष्टण आणखी कुणाला.
चादर आली सोलापूरला.

जन्म कात्री-कापडात गेला माझा.
इतकं जपून कापलेलं पाहिलं नव्हतं.

लाल जमिनीवर पिवळा मोर.
असे मोर गावात शंभर कारखान्यांनी विणले.
पण याची मान तुटलेली,
डोक्याखाली केसाएवढी लाल फट.
मी गप्प झालो.
ती फट माझी होती.
त्या रात्री बायको सिव्हिलमध्ये, वीज जाऊन येऊन,
आणि एका पुठ्ठ्यावर दोन छिद्रं राहून गेली.
मालक लई बोलले. तीनशे चादरी सेकंडमध्ये काढल्या,
सगळ्या एकाच माणसानं उचलल्या.

वही निघाली मालकांच्या माळ्यावर, तेलुगूत लिहिलेली.
मी मराठीत सांगितलं, नदाफबाईंनी टिपून घेतलं,
वर साहेबांनी इंग्रजी केलं,
पुढं कुठली लिपी, देव जाणे.
रात्री अडीचला उत्तर यायचं म्हणे,
आपली रात्र, त्यांची कचेरी.
इतक्या तोंडांतून फिरूनही
समुद्रापल्याडच्या त्या लॉजचं नाव
एका अक्षरानं बिघडलं नाही.

"मुलगी आहे की मुलगा?"
"मलाही सांगितलेलं नाही, मास्तर."

घरी आम्ही तेलुगूत लहान पोरीला 'पाप' म्हणतो.
मराठीत शब्द तोच, अर्थ तुम्हाला ठाऊक.
साठ वर्षं दोन्ही भाषा एकाच तोंडात नांदल्या,
कधी काही वाटलं नाही.
त्या दिवशी धाकट्या नातीला हाक मारताना
जीभ अडली.

गड्ड्याच्या जत्रेत भेटल्या पुढं,
साध्या ड्रेसमध्ये, कडेवर पोरगं, त्याच्या हातात भोंगा.
गर्दीत जवळ येऊन म्हणाल्या,
"सापडलं, मास्तर."
कोण, कुठं, कसं, काही नाही.
पोरानं भोंगा वाजवला, त्या हसल्या, गेल्या.
मी पाळण्यांकडं बघत उभा राहिलो
आणि मनात हिशेब सुरूच:
तीनशेतली एक.
बाकीच्या कुठं कुठं अंथरलेल्या असतील?

त्यातली एक आमच्याच घरात आहे.
रात्री पाणी प्यायला उठलो
तर नातू तीच डोक्यावरून घेऊन,
आत मोबाईल.
मोराच्या मानेतून उजेड येत नव्हता,
ती फट रंगाची असते, आरपार नसते.
उजेड कडेनं येत होता.

ओरडणार होतो.
मग कडेलाच बसलो.
म्हटलं, "मलाबी दाखव की."
त्यानं आधी फोन पालथा घातला,
खूप वेळ गप्प राहिला.
मग भिंतीकडं
जरासा सरकला.