गुरुवार, मनामा

दिवसभर कोल्ड स्टोअरचे हिशेब,
रात्री गुदैबियातल्या हॉटेलात माईक.
आज अकरा माणसं. त्यातले दोघे
टीव्ही बंद केला म्हणून
माझ्यावर खार खाऊन बसलेले.

पहिला जोक व्हिसावर. कुणी हसत नाही,
सगळ्यांचाच संपत आलाय.

मग खिशातून कुस्तीगिरांच्या पत्त्यांची कॅट काढतो,
चौथीत जिंकलेली, कोपरे झिजलेली.
उंची, वजन, छाती अजून तोंडपाठ;
बायकोचा वाढदिवस मात्र फोन सांगतो.
इथे हशा.

वेटर सजीवन पंचच्या आधीच हसतो.
तिसऱ्यांदा ऐकतोय बिचारा.
मराठी येत नाही त्याला,
मी कुठे थांबतो तेवढं कळतं.

बाहेर पडताच चष्म्यावर वाफ धरते.
पुसत उभा राहतो.
पार्किंगमध्ये कुणीतरी
माझाच जोक चुकीचा सांगतोय
आणि लोक पोट धरून