डावा तळहात

टेगन, तू गेलीस त्या रात्री
माझ्या डाव्या तळहातावर, तर्जनीच्या मुळाशी,
तुझी निळी गाठ अजून शाबूत होती.

तीन वर्षं मी तुझे चेंडू झेलले,
पत्र्याच्या बाकांसमोर, धान्याच्या कोठारामागे,
जिथे एप्रिलमध्येही वारा असा
की फाऊल रेषेचा चुना उडून
आपल्या सँडविचवर बसायचा.
नेब्रास्कात प्रेक्षक मोजता येतात. आपण मोजायचो.
एकशे बारा, तुझी आई धरून,
आणि म्हाताऱ्या झेलेन्काचा कुत्रा धरला
तर एकशे तेरा.

मे महिन्यात तू पोर्टलवर नाव टाकलंस.
एक अर्ज, दोन खुणा, बास.
तासाभरात तुझा फोन
कढईतल्या लाहीसारखा उडत राहिला
बसच्या सीटवर, माझ्या मांडीशेजारी,
आणि मी खिडकीतून मक्याची कोवळी रोपं पाहत राहिले,
जणू त्यांच्यात काही वाचायचं होतं.

गावात म्हणाले, फितूर झाली.
न्हाव्याच्या दुकानात म्हणाले, चर्चच्या पायऱ्यांवरही.
कोच ऑल्टमायर काहीच म्हणाल्या नाहीत.
त्यांनी शिडी आणली,
भिंतीवरचा तुझा फोटो स्वतः उतरवला
आणि राहिलेली चिकटपट्टी नखानं खरवडत बसल्या
बराच वेळ.

पाणी उताराला जातं म्हणतात.
इथं ते चढाला जातं.
ओहायोची शॉर्टस्टॉप, युटाहची डावखुरी,
आपली टेगन,
सगळ्या ओढ्यांची तोंडं त्या एकाच धरणाकडे
जे आधीच काठोकाठ भरलंय.

मीही रागावले होते. खोटं कशाला सांगू.
पण तुझ्या वडिलांच्या ट्रकचा हप्ता मला माहीत होता,
त्यांच्या पाठीचं ऑपरेशन माहीत होतं,
आणि हेही, की सहाव्या डावात
आपल्या पोरींनी तिसऱ्यांदा सोपा चेंडू सोडला की
तू हातमोजा तोंडावर धरून काय म्हणायचीस.
ते मी कुणाला सांगितलं नाही.

मग फेब्रुवारीत सामना. तिथं, तुमच्याकडे.
बारा हजार खुर्च्या,
गवत इतकं हिरवं की खोटं वाटावं,
तुझ्या वेणीत लाल फीत.
माझ्या जागी, माझ्याच पाठीमागे,
दुसरीच कुणी उकिडवी बसलेली.
त्रेचाळीस फुटांवर तू.
तुझा चेंडू येताना
मी पहिल्यांदाच उभी होते.

संथ चेंडू टाकण्याआधी
तू जीभ उजव्या गालात दाबतेस.
हे जगात एकटीला ठाऊक, मला.
तुलासुद्धा नाही.
दोन स्ट्राइक. तुझा गाल फुगला.

मी थांबले, थांबायचं माहीत होतं म्हणून.
चेंडू आला, तरंगत, जुन्या ओळखीचा,
आणि माझा डावा हात
बॅट सोडून
उघडू पाहत होता.

थोडासा उडाला. तिसऱ्या बेसवरच्या मुलीनं सहज घेतला.
आठ-शून्य. पाचव्याच डावात आटोपलं.

हात मिळवायच्या रांगेत तू समोर आलीस.
मागून पोरी ढकलत होत्या.
"उजवा गाल," एवढंच मी म्हणाले.
तू हसलीस.
तुला वाटलं, माती लागलीय.
बाहीनं पुसलीस.

परतीची बस अकरा तास.
शेजारी मार्लिस झोपलेली, पहिल्या वर्षाची.
तिचे चेंडू वाकडे येतात, अंगठ्यावर बसतात,
तिथं आता नवी गाठ धरतेय.
तिच्या मांडीवर फोन पालथा होता.
मधूनच त्याच्या कडांतून उजेड झिरपायचा.
मी हात बर्फाच्या पिशवीत घातला
आणि बाहेर पाहिलं.
मका अजून पेरलेला नव्हता.