आठाने भागताना

कोपरखैरणे एक्स्चेंज, दुसरा मजला, रात्रीचा दीड.
रॅकवर एकच हिरवा दिवा जागा आहे,
बाकीचे मी आठवडाभरात विझवले.
मांडीवर लॅपटॉप, त्यात कंपनीचा तक्ता :
डावीकडे जुना वेग, उजवीकडे नवा,
मधे सूत्र,
आणि सूत्रात माझी चूक.

महाप्याहून सुपर्ण फोनवर ओरडतो,
"दोन मेगाबाइट? अगं, बिट आहेत ते, बिट!
आठपट फुगवलंस गिऱ्हाइकाला."

मोकलकाका स्टुलावरून न उठता म्हणतात,
आठाने भाग गो.
मला कॅल्क्युलेटर लागत नाही त्याला.
साडेबारा टक्के म्हणजे आठवा हिस्सा,
आमच्या गावात पोरंटोरं जाणतात.
बापाची एक एकर भातजमीन, चाळीस गुंठे.
कागद आला तेव्हा पाच.
त्यातूनही सुविधांसाठी कापले,
हातात पडले साडेतीन.
औट.
शाळेत औटकी पाठ नव्हती म्हणून छड्या खाल्ल्या मी,
सिडकोने एका दुपारी शिकवली.

मी तक्ता दुरुस्त करते.
चौसष्ट हजार गुणिले बत्तीस : वीस लाख अठ्ठेचाळीस हजार.
बत्तीस खोल्यांची ही जुनी चाळ,
बोलणारी बिऱ्हाडं मात्र तीसच.
सोळाव्या खोलीत फक्त घंटीचा निरोप,
आणि शून्य नंबरची खोली?
ती काही बोलत नाही, काका सांगतात,
ती नुसती ताल धरते. तिचा ताल चुकला
की तीस घरांचं बोलणं एकमेकांत सांडतं.

नव्या तक्त्यात शून्याला रकाना नाही.

वरच्या पट्टीचा हिशेबही जुळत नाही माझा.
त्रेसष्ट जुन्या वाटा एका मोठ्या वाटेत,
भरतात एकशे एकोणतीस,
वाट मात्र एकशे पंचावन्न, वर अर्धा.
काका, साडेसव्वीस गेले कुठे?
सुविधांसाठी कापले, ते म्हणतात
आणि हसतात; एवढ्या रात्री
त्या रिकाम्या हॉलला दचकवून.
मग शांतपणे : पत्ता लागतो, राखण लागते,
कुठून सुरू आणि कुठे संपलं याची खूण लागते.
नुसता माल कधी एकटा जात नाही पोरी.
पायलीभर तांदूळ द्यायचा तर
पायलीही न्यावी लागते ना.

त्यांनी टेलिप्रिंटर पाहिला आहे. पन्नास बॉड.
एका आवाजाच्या वाटेत
तसे बाराशे ऐंशी मावतील, मी हिशेब करते.
मावतील, ते म्हणतात,
पण खोलीभर जो खडखडाट व्हायचा
तो कुठल्या रकान्यात घालशील?

दोन वाजता शेवटची लाइन तोडायची.
तुर्भ्याच्या एका वखारीची. तिथे आता कोणी उचलत नाही.
तोडण्याआधी चाचणीचा फोन मी कानाला लावते,
दुसरा काकांच्या हातात, हॉलच्या त्या टोकाला.
बोला ना, मी खूण करते.
ते बोलत नाहीत.
बारीक खरखर येते, तांदूळ पाखडल्यासारखी.

नवी यंत्रणा गप्प माणसाचं काही पाठवत नाही,
ऐकणाऱ्याला लाइन तुटली वाटू नये म्हणून
पलीकडे खोटी खरखर भरते. बचत होते, असं सुपर्ण सांगतो.
ही जुनी मात्र
गप्प बसणाऱ्यालाही सेकंदाला चौसष्ट हजार देते,
बोलणाऱ्याइतकेच, एक कमी नाही.

आठ सेकंद.
मी मनातल्या मनात गुणते, मग आठाने भागते,
उत्तर पुन्हा तेच येतं : चौसष्ट हजार,
फक्त या वेळी बाइट.
पहिल्यांदाच काही कापलं गेलं नाही.

काकांनी फोन ठेवला. झालं?
झालं, मी म्हणते.
वीतभर वायर त्यांनी खिशात घातली आणि विचारलं,
घणसोलीपर्यंत सोडशील का,
एवढ्या रात्री रिक्षावाला
दीडपट घेतो.