ओळखीची

फोटो धूसर होता. रस्त्याकडेच्या प्लास्टिकच्या तंबूत
रश्श्याच्या वाफेआड तो आणि मी.
त्याची टोपी, त्याचा मास्क,
माझ्या हातात त्याच्या कोटाची बाही.
सकाळी एजन्सीनं दोन ओळींचं पत्रक काढलं:
ती बाई केवळ ओळखीची आहे.

छांगशिन-दोंगच्या चढावर, शिवणयंत्रासमोर,
मी ते तीनदा वाचलं.
शेजारच्या मशीनवरची योंगसुन म्हणाली,
"चला, केवळ तरी म्हणाले."

ओळखीची तर आहेच.
त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा पाऊण बोट खाली.
कॅमेऱ्याला ते अजून सापडलेलं नाही,
कारण पहिल्या ऑडिशनचा कोट मी उसवला होता,
आत कापसाची पट्टी भरली होती, थोडी जास्तच.
त्याचे आताचे शिंपी, महागडे,
माझीच चूक पुढे चालवतात.

तेव्हा गच्चीवरच्या खोलीत आम्ही तिघं.
तेग्योम, मी, आणि ढोल वाजवणारा बोमसू.
नळ गोठला की बोमसू नळापुढे
राजाचे संवाद म्हणायचा,
आणि तासाभरानं थेंब पडला की आम्ही टाळ्या.
नाटक चाललं नाही.
बोमसू उल्सानच्या गोदीत वेल्डिंगला गेला.
तेग्योमचं चाललं.
माझ्या सुईचंही बरं चाललंय, विचाराल तर.

पडद्यावर तो डाव्या डोळ्यानं रडतो.
सांगाल तेव्हा, एकच थेंब.
दिग्दर्शक थांब म्हणाला की थेंबही थांबतो.

बोमसू गेला त्या रात्री,
इस्पितळाच्या तळघरातल्या त्या दिव्यांखाली
त्याला रडूच येईना.
लोक फुलांकडे पाठ करून त्याच्याकडे बघू लागले.
एकेक फोन वर आला.
बोमसूच्या आत्यानं सूप वाढता वाढता विचारलं,
"हा कोण गं, सारखा खाली बघणारा?"
मी म्हटलं, ओळखीचा.

मग तो दारात उकिडवा बसला
आणि पहाटेपर्यंत आल्यागेल्याचे बूट
टोकं बाहेर करून लावत राहिला.
एक जोड गोदीतला होता,
ठिणग्यांनी चाळण झालेला, कुणा सोबत्याचा.
तो काही केल्या त्याला सरळ लावता येईना.
लावायचा, उचलायचा,
पुन्हा लावायचा.

फोटोतल्या बाहीचं म्हणाल तर
बटण लोंबत होतं.
दोरा दातानं तोडला आणि तेवढ्यात फ्लॅश पडला,
तो पळाला मागच्या गल्लीतून.
बटण माझ्या पाकिटात आहे.
एजन्सीला कळवायला हवं.